उजव्या मांडीतली आग

गडमुडशिंगी,
ता. ४ जानेवारी २०२५

चि. विजयसिंह यास आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. तुझं नाशिकहून आलेलं पत्र गेल्या पाडव्याचं आणि आता दुसरा पाडवा जवळ आला. तेव्हाच उत्तर टाकणार होतो. पण तू शेवटी 'अवंतिकाचा नमस्कार' असं लिहिलं होतंस, त्याला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही. म्हणून राहिलं.

फोन केला असता, पण तुझा नंबर बदललाय. नवा नंबर राजवीरकडं आहे म्हणे. चुलतभावाला नंबर कळवायला तुला सवड मिळाली, बापाला कळवायला मिळाली नाही. आता मी पुतण्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, माझ्या पोराचा नंबर दे रे बाबा म्हणायचं! तेवढी वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

कारण असल्याशिवाय मी लिहीत नाही हे तुला माहीत आहे. कारण दुखण्याचं आहे.

उजव्या मांडीला बाहेरच्या अंगानं आग होते. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, मधल्याच भागात. ठेचलेली मिरची कातडीवर चोळावी तशी. मग मुंग्या येतात, आणि मग तेवढा तुकडा मेल्यासारखा होतो. हात फिरवला तर दुसऱ्याच कुणाच्या पायावरून फिरवतोय असं वाटतं. दोन-चार दिवस काही नसतं. मी मनात म्हणतो, सुटलो. की परत सुरू. गेली दोन वर्षं हा खेळ चाललाय. तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

तुझी चुलती बनाबाई म्हणाली, वात आहे. तिनं एरंडेल चोळायला दिलं. लेंगे खराब झाले, बाकी काही झालं नाही. गावातला डॉक्टर म्हणाला, शीर दबली आहे. कुठली शीर, कशानं दबली, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या गोळ्यांनी दिवसभर झोप यायची. एकदा न्हाणीच्या दारात पडलो. शेवटी कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं मान वर न करता विचारलं, "काय करत होता?" मी म्हटलं, दुधाचा टँकर चालवायचो. "मग झालं," म्हणाला, "ड्रायव्हरचा मणका. गेलाच समजा." एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेवाला आत काहीतरी कुरकुरला, मी त्याला म्हटलं, हाय तसा काढ.

तर मणक्याचं ऑपरेशन ठरलं आहे. नातेवाइकाची सही लागते, मुलाचीच बरी असं डॉक्टर म्हणाले. राजवीर सही करायला तयार आहे. इतका तयार आहे की मलाच भीती वाटते. तेव्हा तू येऊन सही करून जा. एका दिवसाचं काम आहे. राहिलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
आबा

गडमुडशिंगी,
ता. २० जानेवारी २०२५

चि. विजयसिंह यास,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी आधी समजून घेतलं. मग पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "आबा, नाशिक काय पाकिस्तानात हाय व्हय? पोचलं असंल की." सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलतो तो. आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालंय की आकाराम पोराला पत्रं घालतोय आणि पोरगं जबाब देत नाही.

पायाचं सांगतो. संक्रांतीला बनाबाईच्या दारात तिळगूळ घ्यायला उभा होतो. पाच माणसं पुढं होती. तेवढ्या उभं राहण्यानं मांडी पेटली. मी तिथंच पायरीवर बसलो. राजवीर सगळ्यांपुढं म्हणाला, "काका, आता तुमचं काय खरं न्हाय." सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली तर मांडीवर फोड आला. पाणी इतकं गरम आहे हे मला कळलंच नाही. रक्तातल्या साखरेमुळं तो फोड भरून येत नाही. हे तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. तसं व्हायला माणसाला काळजी असावी लागते.

परवा राजवीर घरी आला. चहा झाला, पायाची चौकशी झाली, आणि मग त्यानं मुद्दा काढला. "काका, ऑपरेशनच्या आधी अंगावरचं चांदी-सोनं काढून ठेवायला लावत्यात. तुमचा करदोडा माझ्याकडं द्या. नीट ठेवतो."

मी म्हटलं, "नीट ठेवतोस की घालून बसतोस?"

"आज न्हाय उद्या घालायचाच हाय न्हवं? तुम्हीच बोललाय, भावकीसमोर."

बोललोय. मी नाही म्हणत नाही. तुझ्या आज्ज्याच्या कमरेवरून तो चांदीचा करदोडा मी त्याच्या मयताच्या दिवशी, बाहेर तिरडी बांधत होते तेव्हा, माझ्या हातानं काढला आणि कमरेला घातला. त्यानं त्याच्या बापाचा तसाच घेतला होता. आपल्यात तो थोरल्या मुलाकडं जातो, आणि माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या कमरेचा निघत नाही. तू ती मुलगी करून आणलीस, एकदा लग्न मोडलेली, पदरात पोर असलेली. मला विचारलं नाहीस, कचेरीत सह्या करून मोकळा झालास. तेव्हा मी सगळ्या भावकीला बोलावून सांगितलं, करदोडा राजवीरला जाईल. तू उठून गेलास. मला वाटलं होतं, निदान भांडशील.

डॉक्टरनं एमआरआय काढायला सांगितलाय. ते मशीन सध्या बंद आहे. म्हणून ऑपरेशन लांबलंय. पण सहीचं काम राहिलंच आहे.

आबा

गडमुडशिंगी,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह यास,

मी पत्र तुला लिहिलं होतं. तुझ्या बायकोला लिहिलं नव्हतं.

तिचं अक्षर चांगलं आहे, एवढं मान्य करतो. मास्तराची मुलगी, असणारच. 'ती. मामंजींस' असं वर लिहिलंय. मी तिचा मामंजी कधी झालो? आणि लिहिते काय, तर 'ह्यांनी तुमची दोन्ही पत्रं वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि कामावर गेले. काही बोलले नाहीत. खिशातून काढली मात्र नाहीत. म्हणून मी लिहिते.' तुझ्या खिशात काय आहे हे मला एका परक्या बाईकडून कळायचं!

पुढं तिनं मला प्रश्न घातलेत, शाळेत घालतात तसे. दुखणं एकाच बाजूला आहे का? बसल्यावर वाढतं का उभं राहिल्यावर? पहिल्यांदा कधी सुरू झालं आणि त्याच्या आसपास काय वेगळं घडलं होतं? तिच्या वडिलांच्या, जयसिंगपूरच्या मास्तरांच्या पायाला असंच काहीतरी होत होतं. चार वर्षं मणक्याची औषधं खाल्ली, आणि निघालं भलतंच. कोल्हापुरात शिरांच्या आजारांची एक डॉक्टर आहे, क्रांती नावाची; तिच्याकडं जा म्हणते. पत्ता दिलाय, बसचा थांबासुद्धा लिहिलाय. मी आयुष्यभर कोल्हापुरात टँकर चालवला, मला ही थांबा सांगते.

मी तिला उत्तर देणार नाही. तू तिला सांग. दुखणं उजव्याच बाजूला आहे. बसलं की थांबतं, उभं राहिलं किंवा चाललं की पेटतं. बसमध्ये मी राजा असतो आणि खाली उतरलो की भिकारी. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं हे खरं आहे. सुरू कधी झालं ते म्हणशील, तर तुझ्या लग्नानंतर पुढच्याच हिवाळ्यात. मी हुपरीला जाऊन आलो होतो, त्यानंतर. हुपरीला कशाला गेलो होतो ते सोड.

त्या डॉक्टरकडं मी जाणार नाही. एका मास्तराचा पाय बरा झाला म्हणून माझा होईल असं थोडंच आहे?

तुला मात्र एक विचारायचं आहे. माझी पत्रं खिशात घालून तू कामावर का जातोस? वाचायची असतील तर वाच आणि उत्तर दे. फेकायची असतील तर फेक. हे मधलंच काय?

आबा

गडमुडशिंगी,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह,

गेलो होतो. बनाबाईला मी सांगितलं की गावातल्या डॉक्टरनं पाठवलं. तूही कुणी विचारलं तर तेच सांग.

ही क्रांती डॉक्टर तुझ्यापेक्षा लहान असेल. मला वाटलं, दोन गोळ्या लिहून देईल आणि परत मणकाच सांगेल. तिनं माझ्या हातात बॉलपेन दिलं. "आजोबा, जिथपर्यंत आग होते तिथं मांडीवर रेघ ओढा."

मी म्हटलं, "बाई, मी सातवी पास हाय. चित्र जमायचं न्हाय."

"चित्र नकोय. आग संपते तिथं पेन थांबवा."

ओढली. उभ्या धरलेल्या विटेएवढा तुकडा झाला. तिनं तो सुईनं टोचून बघितला. रेघेच्या आत मला काही कळत नव्हतं, बाहेर टोचलं की कळत होतं. फोड बघून तिचं तोंड बदललं. "हे भाजलेलं कळलं नाही तुम्हाला?" मग गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढकलायला लावला, पंजावर चालवलं. पायात ताकद सगळी आहे म्हणाली.

"गुडघ्याच्या खाली काही होतं?"

"न्हाय."

"पाठीत?"

"न्हाय."

"मग मणका म्हणून कुणी सांगितलं?"

"मी ड्रायव्हर होतो."

"ड्रायव्हरला मणक्याशिवाय दुसरं काही नसतंच का?" म्हणाली, आणि माझा जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. आजवर सगळ्यांनी त्यात मणके मोजले. ती मणक्यांच्या खाली बघत राहिली. "ही पांढरी साखळी कसली?"

मी म्हटलं, "करदोडा."

"एक्स-रेला काढला नव्हता?"

"निघत न्हाय."

"दाखवा."

मी लेंग्याची नाडी घट्ट धरून बसलो. तुझ्या आईशिवाय कुठल्या बाईपुढं मी सदरा वर केलेला नाही. गावातल्या डॉक्टरलाही मी मांडीच दाखवायचो, लेंगा खालून वर सारून. ती म्हणाली, "आजोबा, मी तपासायला बसलेय, सोयरीक जमवायला नाही." शेवटी दाखवला.

आता तुला सांगायला लागणार. एमआरआयचं मशीन बंद नव्हतं. त्यात जायचं तर अंगावर धातू चालत नाही, म्हणून मी दारातून परत आलो. आणि ऑपरेशनही ठरलं नव्हतं. मोठा डॉक्टर म्हणाला होता, एमआरआय बघून ठरवू, आणि लागलंच तर मुलाला घेऊन या. एवढंच. बाकीचं मी लिहिलं.

करदोडा निघत नाही, कारण मी तो हुपरीला जाऊन कायमचा बंद करून घेतलाय. राजवीरला देणार म्हणून बोलून बसलो, आणि तेव्हापासून त्या दोघा मायलेकांची नजर माझ्या कमरेवर. दुपारी पडलो की बनाबाई पांघरूण घालायला येते. इतकी वर्षं कधी आली नव्हती. मला वाटायला लागलं, उद्या आजारी पडलो, बेशुद्ध झालो, तर मी मरायच्या आधीच काढून घेतील. म्हणून हुपरीच्या गणपतराव सोनाराकडं गेलो. म्हटलं, अडकवायचा आकडा चांदी वितळवून बंद कर, आणि दोन कड्या कमी कर, म्हणजे खालून ओढूनसुद्धा निघायचा नाही. त्यानं विचारलं, "पावणं, भ्या चोराचं हाय का पोराचं?" मी सदरा वर केला. त्यानं बंद केला. आकड्याच्या जागी वाटाण्याएवढी गाठ राहिली. तो म्हणाला घासून देतो, मला घाई होती.

ती गाठ सरकत सरकत उजव्या बाजूला येऊन बसते. कमरेचं पुढचं टोकदार हाड असतं ना, त्याच्या बरोबर आतल्या अंगाला. वरून लेंग्याची नाडी. डॉक्टरनं तिथं बोट दाबलं तर मांडीतून गुडघ्यापर्यंत असा जाळ गेला की मी ओरडलो. बाहेरची माणसं आत डोकावली. मग तिनं त्याच जागी एक इंजेक्शन दिलं आणि मला व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. बसायचं नाही, उभंच राहायचं. मी भिंतीला धरून उभा राहिलो, आता पेटेल मग पेटेल म्हणून वाट बघत. पेटलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी नुसता उभा होतो.

ती म्हणाली, मांडीच्या कातडीकडं जाणारी एक शीर त्या हाडाजवळून खाली उतरते. उभं राहिलं की ती ताणली जाते आणि तुमची गाठ तिला दाबते. बसलं की सैल पडते. गाठ मागं सरकली की चार दिवस बरे जातात. मणक्याला काही झालेलं नाही.

"आजच्या आज कापून घ्या," म्हणाली.

मी म्हटलं, "जिवंत माणसाचा करदोडा तोडत न्हाईत, बाई. मेल्यावर तोडत्यात."

"मग शीर मेली तरी चालेल?" फार दिवस दाबून राहिली तर आग कधीतरी थांबेल, पण बधिरपणा कायमचा राहील, असं ती म्हणाली. आणि साखर असलेल्या माणसाला भाजलेलं कळत नसेल तर आज फोड आहे, उद्या जखम चिघळेल, परवा पायावर बेतेल.

मला आनंद व्हायला हवा होता. मणका शाबूत आहे, ऑपरेशन नाही. पण बसमध्ये बसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आबा, काय मोठं निघालं व्हय?" मी म्हटलं, "न्हाय, काहीच निघालं न्हाय." खरंच काही निघालं नाही. ऑपरेशन नाही म्हणजे सही नको. सही नको म्हणजे तुला बोलवायला माझ्याकडं काही उरलं नाही.

आबा

ता.क. कारण सापडलं हे तिला सांग. आभार वगैरे काही सांगू नकोस. नुसतं सापडलं म्हण.

गडमुडशिंगी,
ता. २१ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह,

मी बनाबाईला करदोड्याचं काही सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरचा कागद मी देव्हाऱ्यापुढं ठेवला होता आणि ती फुलं घालायला आली. दुसऱ्या दिवशी राजवीर हजर, दुकानातला मोठा कटर घेऊन. ट्रॅक्टरची साखळी तोडतात तो.

"काका, उभं राहा. एका मिनटाचं काम."

"आणि मग?"

"मग काय? ठरल्यापरमाणं."

"ठरल्यापरमाणं मी मेल्यावर."

"आता तोडायचाच म्हटल्यावर मेल्यासारखंच धरायचं की!" असं म्हणून तो हसला. चेष्टेत म्हणाला असेल. तो वाईट नाही, मला दवाखान्यात त्यानंच दोनदा गाडीवरून नेलंय. बनाबाईसुद्धा त्याच्यावर खेकसली, "जीभ हाय का वहाण?" पण माझ्या सदऱ्याला त्याचा हात लागला तसा मी तांब्या उचलून फेकला. लागला नाही, भिंतीला आदळला. त्यानं कटर उचलला आणि दारात थांबून म्हणाला, "पोराला बोलवा मग. न्हाईतर बसा जळत. आमाला बी काय हौस न्हाय तुमच्या कमरंची." तेव्हापासून त्यांच्या घरचं ताट येत नाही. मी माझा भात लावतो. भाताला वेळ लागत नाही, पण ओट्यापुढं उभं राहायला लागतं.

मग हुपरीला गेलो. गणपतरावानं करदोडा बघितला, मांडीवरची पट्टी बघितली आणि कटर खाली ठेवला. "घरचं माणूस आणा, आबा. तुमच्या कमरेचा मी एकट्यानं तोडला आन् उद्या तुमचं काय बरंवाईट झालं, तर तुमची भावकी माझ्या दुकानाला कुलूप लावंल. मुलगा हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे. "कुठं असतो?" म्हटलं, नाशिकला. "मग येऊ दे की," म्हणाला. किती सोपं बोलतात लोक.

दोन इंजेक्शनं झाली. त्यांचा गुण चार दिवस टिकतो. मी गाठ मागं सारतो आणि त्यावर फडकं बांधतो. पाणी आणायला गेलो की फडकं ढिलं होतं आणि गाठ परत पुढं येते. बधिर तुकडा आता विटेपेक्षा मोठा झालाय. मी रोज पेनानं रेघ ओढतो. डॉक्टरनं फोड बघून परत तोंड वाकडं केलं. "अजून तोडला नाही? कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, सोनाराची. ती म्हणाली, "सोनार कोल्हापुरात कमी आहेत का?"

तुझ्याकडून एक ओळ नाही. तिचं मात्र परवा दुसरं पत्र आलं. लिहिते, 'मामंजी, करदोडा तोडल्यानं माणूस मरत नाही, पण तुम्हाला तसं वाटत असेल तर ह्यांना तसंच लिहा. आडून लिहू नका. आडून लिहिलेलं ह्यांना वाचता येतं, पण त्यावर उठून येता येत नाही.' कालची आलेली मुलगी मला पत्र कसं लिहायचं ते शिकवते. दोन दिवस मला राग होता. आता तसंच लिहितो.

मी चुकलो असं मी लिहिणार नाही. तू मला न विचारता लग्न केलंस ते मला लागलं, आणि अजून लागतं. भावकीसमोर मी बोललो ते तुला लागावं म्हणूनच बोललो होतो. तुला लागलं. मला वाटलं होतं तू परत फिरशील आणि म्हणशील, आबा, करदोडा माझा आहे, राजवीरचा कसा होईल? मी वाट बघत होतो. तू अंगणातून सरळ गाडीपर्यंत गेलास, काच वर केलीस. सगळी भावकी बसली होती, तुला अडवायला एकजण उठला नाही. मीही नाही. तेव्हा माझा पाय चांगला होता.

मी मेल्यावर माझा करदोडा तोडायला तू आला असतासच. लोकांना दाखवायला तरी आला असतास. रात्रीची गाडी धरून, तोंड न धुता, डोळे लाल करून. तेच काम आता करून जा. मी खुर्चीत बसून राहीन, तू तोड. नंतर तो नाशिकला न्यायचा, का राजवीरला द्यायचा, का गणपतरावाकडं वितळायला टाकायचा, ते तुझं तू ठरव. मी बोललेलं भावकीसमोर मागं घ्यायचं तर मला उभं राहायला लागेल, आणि सध्या उभं राहवत नाही. तोडलास तर राहीन.

तिला आणू नकोस असं मी म्हणत नाही. आण असंही म्हणत नाही. तिच्या मुलीचं नाव काय आहे ते तू कधी कळवलं नाहीस, मीही विचारलं नाही. माडीवरची खोली झाडून घेतली आहे, एवढंच लिहितो. झाडताना तीनदा बसावं लागलं.

पत्र लिहायला जमत नसेल तर कार्डावर नुसता वार लिही. सोमवार, मंगळवार, कुठलाही. त्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन थांब्यावर येतो, म्हणजे बस येईपर्यंत उभं राहता येईल. डॉक्टर म्हणते, फार दिवस हातात नाहीत. लवकर कळव, बाबा.

आबा